गावात बरा होणारा आजार शहरात का नेला जातो? मोठ्या दवाखान्यांतली गर्दी आणि 'रेफर'च्या चिठ्ठीचं गणित

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर नेवासा तालुक्यात घोडेगाव आहे. जनावरांच्या, विशेषतः म्हशींच्या बाजारासाठी हे गाव ओळखलं जातं. शनिशिंगणापूरला जाणारा रस्ताही इथूनच फुटतो. गावाच्या एका बाजूला साधारण ३५ किलोमीटरवर नगर आहे, तर दुसऱ्या बाजूला साधारण ८० किलोमीटरवर संभाजीनगर.

त्यामुळे आजारपण जरा लांबलं की इथल्या घरांत दोन नावं निघतात. एक नगरचं 'सिव्हिल' आणि दुसरं संभाजीनगरची 'घाटी'. हाताशी पैसे असतील तर नगरमधला एखादा स्पेशालिस्ट.

समजा, घोडेगावातल्या पंचावन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याला चार दिवस चक्कर येतेय. गावातल्या डॉक्टरांनी बीपी मोजलं, ते वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "एकदा नगरला दाखवून घ्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे धारा काढून बाप-लेक एसटीने निघतात. तिथे आधी केसपेपरची रांग, मग ओपीडीची, मग औषधांची. डॉक्टरांसमोर बसायला मिळतात जेमतेम दोन-तीन मिनिटं. शेवटी हातात पडते बीपीची एक गोळी आणि सूचना मिळते, "महिन्याने परत या."

ती गोळी घराजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळाली असती आणि तीही मोफत. मग हा माणूस नगरच्या रांगेत का उभा राहिला? आणि त्याच रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या, खरोखरच गंभीर आजारी असलेल्या माणसाचं काय झालं?

मोठ्या रुग्णालयांतल्या गर्दीचा प्रश्न समजून घ्यायचा तर या दोन प्रश्नांपासून सुरुवात करावी लागते.

'रेफर' करणं म्हणजे नेमकं काय?

सरकारी आरोग्य व्यवस्था जिन्याच्या पायऱ्यांसारखी आखलेली आहे.

सपाट भागात साधारण ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं. ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. तिथे एमबीबीएस किंवा बीएएमएस डॉक्टर, काही खाटा, बाळंतपणाची सोय आणि मूलभूत तपासण्या असाव्यात, अशी अपेक्षा आहे. त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय. सगळ्यात वर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय.

खालच्या पायरीवर जो आजार आवाक्याबाहेरचा आहे, तेवढाच वरच्या पायरीवर पाठवायचा. या पाठवण्याला 'रेफरल' म्हणतात. वरच्या डॉक्टरांनी निदान करून उपचार ठरवले की रुग्णाने पुढच्या तपासण्यांसाठी पुन्हा आपल्या गावच्या पायरीवर यायचं, हा या आखणीचा दुसरा भाग.

कागदावर ही आखणी उत्तम आहे. प्रत्यक्षात मात्र जिन्यावरून लोक फक्त वर जातात, खाली कुणी परत येत नाही. बरेच जण तर मधल्या पायऱ्या टाळून थेट वरच जातात.

लोक थेट मोठ्या दवाखान्यात का जातात?

पहिलं कारण म्हणजे, त्यांना कुणी अडवत नाही. इंग्लंडमध्ये स्पेशालिस्टकडे जायचं असेल तर सहसा आधी आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे जावं लागतं. आपल्याकडे खोकला झालेला माणूसही थेट मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जाऊन केसपेपर काढू शकतो.

दुसरं कारण भरवशाचं आहे. आरोग्य केंद्रात गेलो आणि डॉक्टर मीटिंगला गेलेले असले तर? औषध संपलेलं असलं तर? रक्त तपासणारा माणूस रजेवर असला तर? असा अनुभव दोनदा आला की तिसऱ्यांदा माणूस तिथे जात नाही. नगरला दिवस मोडतो हे त्याला माहीत असतं, पण दिवस मोडूनही काम होईल याची खात्री असते.

तिसरं कारण पैशांचं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत झालं. लोकांसाठी हा मोठा दिलासा होता. मात्र त्यामुळे आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय यांच्यातला खर्चाचा फरकही उरला नाही. दोन्हीकडे फुकटच, तर मग मोठ्या ठिकाणीच का जाऊ नये, असा विचार कुणीही करेल.

या माणसांना 'उगाच गर्दी करणारे' म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी बसून पाहिलं तर त्यांचा निर्णय शहाणपणाचाच वाटतो. दोष निर्णयात कमी आणि खालच्या पायरीच्या अवस्थेत जास्त आहे.

डॉक्टर 'पुढे न्या' का म्हणतात?

पुष्कळदा रुग्ण स्वतःहून जात नाही, डॉक्टरच त्याला पाठवतात. त्यामागे तीन वेगवेगळी कारणं दिसतात.

*तज्ज्ञच नाहीत.* केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार, देशातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत जितके तज्ज्ञ हवेत त्याच्या जवळपास ८० टक्के कमी होते. यात सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ असे चारही आले. महाराष्ट्रातली ग्रामीण रुग्णालयं साधारण याच पायरीवर येतात. भूलतज्ज्ञ नसेल तर सिझेरियन होत नाही आणि रक्तसाठा नसेल तर ते करण्याची हिंमत कुणी करत नाही. मग बाळंतीण रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसते.

*भीती.* रुग्ण दगावला तर नातेवाईक डॉक्टरला मारहाण करतील, ही भीती खोटी नाही. डॉक्टरांवरचे आणि दवाखान्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता. त्याआधी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. रुग्णांसाठी तो निकाल महत्त्वाचा होता. पण एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरच्या दृष्टीने 'पुढे पाठवलं होतं' अशी नोंद असणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग ठरला.

*कट.* म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणारं कमिशन. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार असं कमिशन घेणं किंवा देणं गैर आहे. तरीही ते चालतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून १२०० रुपयांचा धनादेश आला होता. त्यांनी एका रुग्णाला एमआरआय काढायला सांगितला होता, त्याचं हे कमिशन. त्यांनी पैसे न घेता वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली आणि हा विषय देशभर गाजला. २०१७ मध्ये राज्य सरकारने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला. पण त्या मसुद्याचा कायदा झाला नाही.

तिन्ही कारणांमुळे पाठवलेला रुग्ण एकाच रांगेत येऊन उभा राहतो. उपाय मात्र तिन्हींवर वेगवेगळे लागतात. तज्ज्ञांच्या रिकाम्या जागा भाषणांनी भरत नाहीत आणि कमिशन रिकाम्या जागा भरल्याने थांबत नाही.

गर्दी झाली तर बिघडतं काय?

रांगेत उभं राहावं लागतं, एवढंच नुकसान असतं तर ते सोसता आलं असतं.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. औषधं आणि मनुष्यबळ यांच्या तुटवड्यावर टीका झाली. रुग्णालय प्रशासनाचं म्हणणं होतं की ७०-८० किलोमीटरच्या परिसरात एवढं एकच मोठं रुग्णालय आहे, लांबून रुग्ण येतात आणि त्यातले अनेक जण शेवटच्या क्षणी, अत्यवस्थ होऊन पोहोचतात.

प्रशासनाच्या या म्हणण्याने तुटवड्याची जबाबदारी संपत नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. खालच्या पायऱ्या निकामी असतील तर वरच्या रुग्णालयात दोन प्रकारचे लोक एकदम येतात. काही जण यायची गरज नसताना येतात, तर काही जण यायला हवं होतं त्याच्या खूप नंतर येतात. पहिल्या गटामुळे डॉक्टरांचा वेळ जातो आणि त्याची किंमत दुसऱ्या गटाला मोजावी लागते.

या प्रश्नाचं एक उत्तर नगर जिल्ह्यातच मिळालं होतं

घोडेगाव नेवासा तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याच्या उत्तरेकडे आहे. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दुष्काळी भागात जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

दोघंही उच्चशिक्षित डॉक्टर होते. रुग्णालय बांधून बसले असते तर रांग लागायला वेळ लागला नसता. पण रुग्णालयात येणारे बहुतेक आजार गावातच रोखता किंवा बरे करता येण्यासारखे आहेत, हे त्यांनी ओळखलं. हगवण, कुपोषण, जखम चिघळणं, बाळंतपणातले त्रास असे ते आजार होते.

त्यांनी आधी प्रशिक्षित नर्सना गावात पाठवून पाहिलं, पण ते फारसं जमलं नाही. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडायला सुरुवात केली. त्यातल्या अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या होत्या. या ग्राम आरोग्य सेविका नियमितपणे जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत जाऊन गावात काम करायच्या. डॉक्टरांचं फिरतं पथक ठरलेल्या वेळी गावात यायचं, तेव्हा सेविका त्यांना अवघड रुग्ण दाखवायची. जो गावात बरा होणार नाही तेवढाच जामखेडच्या छोट्या रुग्णालयात जायचा.

१९७१ मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या दोन-तीन दशकांत हे प्रमाण तिशीच्या खाली आलं. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७८ मध्ये अल्मा-आता इथे प्राथमिक आरोग्य सेवेची जागतिक घोषणा झाली, त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकाशनातून जामखेडची माहिती जगभर पोहोचली होती. २००५ पासून देशभर काम करणाऱ्या 'आशा' ताईंची कल्पनाही याच वाटेने जाणारी आहे.

जामखेडने मोठ्या रुग्णालयाची गरज नाकारली नाही. सेविकेच्या मागे पथक होतं आणि पथकाच्या मागे रुग्णालय होतं. गावातली बाई एकटी नव्हती, तिला विचारायला माणूस होता. म्हणूनच कुणाला गावात ठेवायचं आणि कुणाला पाठवायचं, हे ती ठरवू शकत होती.

आज हे कसं करता येईल?

*आधी विचारा, मग पाठवा.* अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयाने २००५ मध्ये पोटविकारांच्या विभागात एक साधी पद्धत सुरू केली. रुग्ण पाठवण्याआधी त्याच्या डॉक्टरने संगणकावर प्रश्न लिहायचा, स्पेशालिस्टने तो वाचायचा. रुग्णाला बोलवायची गरज नसेल तर 'हे औषध द्या, ही तपासणी करा' असं तिथेच कळवायचं. गरज असेल तर कोणत्या तपासण्या करून यायचं तेही आधीच सांगायचं. त्यामुळे काही रुग्णांचा हेलपाटा वाचला आणि जे आले त्यांची पहिली भेट वाया गेली नाही.

आपल्याकडे यासाठी 'ई-संजीवनी' आहे. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी त्यावरून रुग्णाला थेट वरच्या डॉक्टरांशी जोडून देऊ शकतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेतून देशात कोट्यवधी सल्ले दिले गेले आहेत. पण समोरचा डॉक्टर ठरलेल्या वेळी खरंच मोकळा असेल आणि गावात नेटवर्क असेल, तरच ती उपयोगी पडते.

*रोजचे आजार गावात आणा.* बीपी आणि मधुमेहाचे रुग्ण आयुष्यभर औषधं घेतात. दर महिन्याला त्यांना नगरला बोलावलं तर ओपीडी त्यांच्यानेच भरून जाते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' या कार्यक्रमाने वेगळी वाट धरली. कोणती गोळी आधी द्यायची आणि बीपी आटोक्यात आलं नाही तर पुढे काय वाढवायचं, हे ठरवून दिलं. त्यामुळे साध्या रुग्णाचं बीपी आरोग्य केंद्रातच सांभाळता येतं आणि ठरावीक क्रमाने औषध देऊनही जो रुग्ण आटोक्यात येत नाही तो तज्ज्ञांकडे जातो. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात झाली.

*परतीची चिठ्ठी द्या.* ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. आज गावचा डॉक्टर चिठ्ठीवर 'पुढील उपचारासाठी सिव्हिलला पाठवत आहे' एवढंच लिहितो. काय शंका आहे, काय तपासलं, कोणतं औषध दिलं, हे त्यात नसतं. मग वरचे डॉक्टर सगळं पहिल्यापासून सुरू करतात. उपचारांनंतर रुग्ण घरी येतो, तेव्हा गावच्या डॉक्टरला काय निदान झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी तसाच रुग्ण आला की तो पुन्हा नगरलाच पाठवला जातो.

वरून दोन ओळींचं उत्तर आलं असतं, 'निदान हे, औषध हे, अमुक लक्षण दिसलं तरच परत पाठवा', तर गावचा डॉक्टर प्रत्येक रुग्णागणिक थोडा शिकला असता. पुढचे दहा रुग्ण कदाचित गावातच बरे झाले असते.

पण रेफरल कमी करणं धोक्याचं ठरणार नाही का?

ठरू शकतं. 'रेफरल कमी करा' असं फर्मान निघालं तर खालचा डॉक्टर आकडा सांभाळण्यासाठी गंभीर रुग्णही अडवून ठेवेल.

म्हणून जिथे गर्दी आटोक्यात ठेवायची पद्धत आहे, तिथे गंभीर रुग्णांसाठी वेगळा वेगवान रस्ताही असतो. इंग्लंडमध्ये साध्या तक्रारीसाठी स्पेशालिस्टची वाट पाहावी लागते, पण कॅन्सरची शंका असलेल्या रुग्णासाठी दोन आठवड्यांत तज्ज्ञाची भेट हा नियम अनेक वर्षं होता. आता २८ दिवसांत निदान सांगण्याचं उद्दिष्ट आहे.

काही आजारांत तर 'पाठवायचं की इथेच ठेवायचं' हा प्रश्नच चुकीचा असतो. सर्पदंश झालेल्याला नुसतं 'नगरला न्या' म्हटलं तर वाटेत जीव जाऊ शकतो. विषबाधेची लक्षणं दिसत असतील तर प्रतिविषाचा पहिला डोस जवळच्या आरोग्य केंद्रात सुरू करून मग पुढे पाठवायला हवं.

विंचूदंशाचा इतिहासही हेच सांगतो. डॉ. बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या गंभीर दंशात मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत होतं. त्यांनी रुग्णांजवळ बसून निरीक्षणं केली, पुढे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं आणि मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आले. ही उपचारपद्धती मोठ्या शहरातून गावात आली नाही, ती गावच्या दवाखान्यांतून बाहेर गेली.

तुम्ही काय करू शकता?

व्यवस्था सुधारायला वेळ लागेल. तोवर या गोष्टी आपल्या हातात आहेत:

• छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जोराचा धाप लागणं, फिट येणं, गरोदरपणात रक्तस्राव, बाळाने दूध पिणं सोडणं अशा वेळी चिठ्ठीची वाट पाहू नका. लगेच १०८ वर फोन करा.

• कंबर किंवा पाठ नुकतीच दुखायला लागली असेल तर लगेच एमआरआयसाठी धावू नका. असं दुखणं बहुतेक वेळा काही आठवड्यांत कमी होतं. पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, सोबत ताप आला किंवा वजन घटू लागलं तर मात्र थांबू नका.

• डॉक्टर 'पुढे न्या' म्हणाले तर शांतपणे तीन प्रश्न विचारा: तुम्हाला कशाची शंका आहे? किती दिवसांत किंवा तासांत जायला हवं? ही तपासणी इथे जवळ होऊ शकते का?

• चिठ्ठीवर निदानाची शंका, झालेल्या तपासण्या आणि दिलेली औषधं लिहून घ्या. जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा आणि सोबत न्या.

• मोठ्या दवाखान्यातून निघताना विचारा, "पुढची औषधं आमच्या आरोग्य केंद्रातून घेतली तर चालतील का?" उत्तर 'हो' असेल तर ते कागदावर लिहून मागा आणि तो कागद गावच्या डॉक्टरांना दाखवा.

• आरोग्य केंद्रात औषध किंवा डॉक्टर नसेल तर नुसतं परत फिरू नका. ग्रामसभेत आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी विचारा. केंद्र रिकामं पडलं की त्याच्याकडे लक्ष देणारंही कुणी उरत नाही.

घोडेगावच्या त्या शेतकऱ्याकडे परत येऊ. त्याला नगरला एकदा पाठवणं कदाचित चूक नव्हतं. पण दर महिन्याला पाठवणं नक्की चूक आहे. त्याच्या केसपेपरवर 'पुढील तपासणी गावच्या आरोग्य केंद्रात, बीपी इतक्यावर गेलं तरच परत पाठवा' अशी एक ओळ असती, आणि गावच्या केंद्रात ती गोळी वर्षभर मिळत राहिली असती, तर पुढच्या महिन्यात नगरच्या रांगेतला एक माणूस कमी झाला असता. तो पहाटेच्या एसटीऐवजी आपल्या गोठ्यात असता आणि त्याच्या मागच्या रुग्णाला डॉक्टरांनी दोन मिनिटं जास्त दिली असती.